अर्ध्या हंगामातली पोरं

९ जानेवारी २०२१ ला फिलाडेल्फियाचा बास्केटबॉल संघ डेन्व्हरविरुद्ध कोर्टवर उतरला तेव्हा त्यांच्याकडे खेळण्याजोगे सातच जण उरले होते. दोनच दिवसांपूर्वी, ब्रुकलिनमधली मॅच चालू असतानाच, सेथ करीची कोरोना चाचणी पॉझिटिव्ह आल्याचं कळलं होतं. जे त्याच्या शेजारी बसले होते, त्याच्याबरोबर फिरले होते, त्यातले बरेच जण विलगीकरणात गेले. काही आधीच जायबंदी होते. नियमाला आठ खेळाडू लागतात, म्हणून दुखापतग्रस्त माइक स्कॉटचं नाव यादीत घातलं. त्याला खेळवायचं नव्हतंच. प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या. अशा मॅचमध्ये टायरीस मॅक्सी नावाचा वीस वर्षांचा मुलगा पहिल्यांदाच सुरुवातीच्या पाचांत खेळला आणि त्याने ३९ गुण केले. फिलाडेल्फिया हरली, पण दुसऱ्या दिवशी सगळीकडे नाव मॅक्सीचंच होतं.

त्याच रात्री शार्लटच्या लमेलो बॉलने अटलांटाविरुद्ध २२ गुण, १२ रिबाउंड आणि ११ असिस्ट केले. त्याचं वय एकोणीस. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या या व्यावसायिक लीगमध्ये, तोवर इतक्या लहान वयात ट्रिपल-डबल, म्हणजे तिन्हींत दोन आकडी संख्या, कोणी केला नव्हता. हंगाम सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तरी निकाल लागायला सुरुवात झाली होती. हा मोठा होणार, तो फुकट गेला, याला उगाच वरच्या नंबरला घेतलं, त्याला उगाच सोडलं.

मी पुण्यात शाळकरी मुलामुलींना बास्केटबॉल शिकवते. त्या वर्षी शाळांची कोर्टं बहुतेक बंदच होती, त्यामुळे आपल्याकडे पहाटे सुरू होणाऱ्या या मॅचेस मी एरवीपेक्षा कितीतरी जास्त बघितल्या. बघताना डोक्यात सतत आमचीच मुलं असायची. मॅक्सीची ती मॅच मी नंतर परत लावून बघितली, आणि ३९ या आकड्यापेक्षा मला तो कुठून आला याचीच काळजी जास्त वाटली. त्या दिवशी मॅक्सीने तीसहून जास्त शॉट मारले. संघ पूर्ण असता तर त्याच्या वाट्याला सहा-सात आले असते, तेही कोपऱ्यातून. शॉट मारायला दुसरं कोणी नव्हतंच. म्हणजे त्या आकड्यात मॅक्सी जेवढा होता तेवढेच घरी बसलेले त्याचे सहकारीही होते.

पण काही गोष्टी आकड्याबाहेर होत्या. दमछाक झाल्यावरही तो रिंगच्या अलीकडे दोन्ही पायांवर नीट थांबून चेंडू अलगद वरून सोडत होता. हा फ्लोटर घाईत बिघडणारा शॉट आहे. दमलेला मुलगा एका पायावर तिरका उडतो आणि चेंडू बोर्डवर आपटतो. मॅक्सीचे पाय शेवटपर्यंत खाली येत होते. ही सवय त्या दिवसाची नव्हती, ती आधी कुठेतरी रोजच्या रोज घोटलेली होती. मला विचाराल तर त्या मॅचमधून त्या मुलाबद्दल कळण्यासारखं जे होतं ते एवढंच, आणि ते पुष्कळ होतं. तो पुन्हा बेंचवर गेला आणि त्या हंगामात त्याची सरासरी ८ गुणांची राहिली. पुढे २०२३-२४ मध्ये तो ऑल-स्टार झाला, सर्वाधिक सुधारलेल्या खेळाडूचा पुरस्कारही त्याला मिळाला. पुढचं माहीत असलं की मागचं सोपं दिसतं. जानेवारी २०२१ मध्ये मात्र ३९ म्हणणाराही चुकत होता आणि ८ म्हणणाराही.

कागदावर बघितलं तर तो हंगाम फारसा लहान नव्हता. ८२ च्या जागी ७२ मॅचेस. दहाच तर कमी. पण कापलं काय गेलं ते मोजायला बसलं की पोटात कालवतं. ११ मार्च २०२० ला यूटाच्या रूडी गोबेअरची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि एनबीए जिथल्या तिथे थांबली. दुसऱ्याच दिवशी कॉलेजांची मार्चमधली मोठी स्पर्धा रद्द झाली, म्हणजे नव्या मुलांना मोठ्या दडपणाखाली खेळताना बघायची संधीच गेली. जूनमधला ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नव्या मुलांना निवडायचा कार्यक्रम, १८ नोव्हेंबरला झाला, तोही पडद्यावरून. १ डिसेंबरला शिबिरं लागली आणि २२ डिसेंबरला पहिली मॅच. एरवी जूनमध्ये निवडलेल्या मुलाला ऑक्टोबरपर्यंत चार महिने मिळतात. जुलैमध्ये समर लीग असते. तिथे नवी मुलं नव्या मुलांशी खेळतात, धडाधड चुका करतात आणि त्या चुकांचं कोणाला काही वाटत नाही. त्या वर्षी समर लीग झालीच नाही. ज्या जी लीगमध्ये कच्च्या खेळाडूंना खेळायला पाठवतात, ती फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये एकाच आवारात उरकली: १८ संघ, प्रत्येकाला साखळीच्या १५ मॅचेस. मुख्य हंगामात मॅचेस इतक्या दाटीने लावल्या होत्या की दोन मॅचेसच्या मध्ये चाचण्या, प्रवास आणि झोप यांतच दिवस जायचा. जानेवारीत नियम आणखी आवळले तेव्हा बाहेरगावी गेल्यावर हॉटेलच्या खोलीतून बाहेर पडायचीही चोरी झाली. एकोणीस वर्षांचा पोरगा नव्या शहरात येतो, तेव्हा जेवताना मोठ्या खेळाडूच्या शेजारी बसून त्याला जे कळतं ते कुठल्याही फळ्यावर लिहून देता येत नाही. तेही गेलं.

मॅचेस टीव्हीला विकलेल्या असतात; सराव कोणी विकत घेत नाही. म्हणून हंगाम आखडायची वेळ आली की पहिली कात्री सरावाला लागते. आणि पोरगं वाढतं ते सरावात. त्या वर्षी मॅचेस बऱ्याचशा शिल्लक होत्या, सराव नव्हता, आणि पारख करायला बसलेल्या आपल्या सगळ्यांच्या हातात होत्या फक्त मॅचेस. पावसाने ओढ दिलेल्या सालात उभं पीक बघून बियाण्याला नावं ठेवावीत, तसा तो प्रकार होता.

ज्याच्यासाठी माझा जीव सगळ्यात जास्त तुटला तो जेम्स वाइजमन. सात फूट उंच, लांब हात, पळायला हरणासारखा चपळ. २०१९ मध्ये तो मेम्फिसच्या कॉलेजात आला आणि तीनच मॅचेस खेळला. त्याच्या आईला घर हलवायला प्रशिक्षकाने पूर्वी पैशांची मदत केली होती, त्यावरून कॉलेजांच्या संघटनेने त्याला थांबवलं आणि तो कॉलेज सोडून बाहेर पडला. मग कोरोना आला. म्हणजे गोल्डन स्टेटने दुसऱ्या क्रमांकावर त्याला निवडलं तेव्हा तो वर्षभर एकही खरी मॅच खेळला नव्हता. ज्या दिवशी ड्राफ्ट झाला त्याच दिवशी त्या संघाच्या क्ले थॉम्पसनच्या पायाचा स्नायुबंध तुटला, आणि नव्या मुलाकडून असलेल्या अपेक्षा आणखी वाढल्या. कोरोनाच्या नियमांमुळे शिबिराचे पहिले दिवस आणि सराव सामने हुकले. २२ डिसेंबरला ब्रुकलिनविरुद्ध तो थेट सुरुवातीच्या पाचांत उभा राहिला आणि १९ गुण करून आला. लोक खूश झाले. पण पुढच्याच आठवड्यांत कुरबूर सुरू झाली: याला कुठे उभं राहायचं ते कळत नाही, हा स्क्रीन नीट लावत नाही, याची उडी चुकीच्या वेळी पडते.

सगळं खरं होतं. स्क्रीन लावणं बघायला किती साधं दिसतं! उंच खेळाडूने पुढे यायचं आणि संघातल्या स्टेफ करीला ज्याने धरलंय त्याच्या वाटेत पाय रोवून उभं राहायचं, बस. पण किती अंतरावर? पाठ कोणत्या कोपऱ्याकडे? तो बचाव करणारा वरच्या बाजूने वळसा घालून आला तर तू कधी फिरायचंस? तो खालून निसटला तर तिथेच थांबून दुसऱ्या अंगाने स्क्रीन लावायची का? अर्धा क्षण आधी सुटलास तर स्क्रीन लागलीच नाही. हललास तर फाउल. उशीर केलास तर रिंगखाली तोवर दोघं येऊन उभे. शिवाय करी पास टाकायच्या आधी तुझ्याकडे बघत नाही, त्यामुळे तुझे हात आधीच तयार पाहिजेत, आणि ते छातीशी हवेत की कमरेशी हे त्याचं अंग कुठे झुकलंय त्यावरून ओळखायचं. हे मॅचमध्ये शिकता येत नाही. मॅचमध्ये चूक झाली की खेळ पुढे निघून जातो. सरावात शिट्टी वाजते, सगळे जागच्या जागी थांबतात, सर खांद्याला धरून वीतभर डावीकडे सरकवतात आणि म्हणतात, "पुन्हा." मग पुन्हा. मग अजून एकदा. पायांना कळेपर्यंत.

वाइजमनच्या त्या वर्षात हे "पुन्हा" फार थोडं होतं. जानेवारीच्या शेवटी मनगट दुखावलं, एप्रिलमध्ये गुडघा गेला, आणि ३९ मॅचेसवर त्याचा हंगाम संपला. पुढचा सबंध हंगाम तो दुखापतीत बाहेर बसला. त्याच हंगामाच्या शेवटी, २०२२ मध्ये, त्याच्या संघाने विजेतेपद पटकावलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला डेट्रॉइटला देऊन टाकलं. आज त्याचं नाव फसलेल्या निवडींच्या यादीत सर्रास घेतलं जातं. मी ते घेत नाही. सगळं सुरळीत असतं तर तो फार मोठा झाला असता असंही मी म्हणत नाही, कदाचित नसताही झाला. पण ते कळायला जो पुरावा लागतो तो तयार व्हायच्या आतच त्याच्यावर शिक्का बसला. पहिल्या वर्षाची त्याची सरासरी साडेअकरा गुणांची होती आणि निम्म्याहून जास्त शॉट आत गेले होते. सराव नाही, कॉलेजच्या मॅचेस नाहीत, आणि बरोबर खेळायला असा संघ की ज्याची पद्धत आत्मसात करायला मुरलेल्या खेळाडूंनाही वेळ लागतो. त्या मुलाने तरीही एवढं केलं होतं हे त्या वेळी कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं.

पहिल्या क्रमांकाचा मुलगा अँथनी एडवर्ड्स. त्याच्या बाबतीत मात्र त्याच हंगामात थोडा का होईना, पुरावा मिळाला. त्याच्या मिनेसोटा संघाची अवस्था वाईट होती. संघाचा आधार असलेल्या कार्ल-अँथनी टाउन्सची आई एप्रिल २०२० मध्ये कोरोनाने गेली होती, आणि जानेवारीत त्याला स्वतःलाच लागण झाली. १९ फेब्रुवारीला टोरोंटोविरुद्ध एडवर्ड्सने युता वातानाबेच्या डोक्यावरून असा डंक मारला की ती चित्रफीत जगभर फिरली. त्या मॅचमध्ये त्याचे बाकीचे बहुतेक शॉट चुकले होते आणि गुणांनी दोन आकडीही संख्या गाठली नव्हती, हे चित्रफितीत अर्थातच नव्हतं. दोन दिवसांनी प्रशिक्षक बदलले. रायन सॉन्डर्स गेले, क्रिस फिंच आले, तेही हंगामाच्या मध्यात. मार्चच्या सुरुवातीला मधली सुट्टी झाली, तोवर एडवर्ड्सचे दहातले चार शॉटही धड आत जात नव्हते. सुट्टीनंतर तो मॅचमागे चोवीसच्या आसपास गुण करायला लागला. १८ मार्चला फिनिक्समध्ये त्याने ४२ केले.

यातही मॅक्सीसारखी शंका घेता येते, आणि घ्यावीच. संघातले दुसरे मोठे शॉट मारणारे त्या काळात बाहेर होते, म्हणून याच्या हाती चेंडू जास्त आला. पण चेंडू जास्त आला की एरवी शॉट आत जाण्याचं प्रमाण घसरतं, कारण समोरचा संघ तुझ्यावरच लक्ष ठेवतो आणि सोपे शॉट मिळेनासे होतात. एडवर्ड्सचे शॉट वाढले आणि प्रमाणही वाढलं. आधी तो दूरवर उभा राहून मागे झुकत चेंडू फेकायचा. नंतर तोच मुलगा पहिलं पाऊल टाकून आत घुसायला लागला आणि जागा नसेल तर पास द्यायला लागला. एक चूक डिसेंबरात आहे आणि तीच मार्चअखेर कमी झालेली आहे, एवढं दिसलं तरी मला पुरतं. लमेलोशी त्याची तुलना करून कोण पुढे हे ठरवत बसण्यापेक्षा डिसेंबरच्या एडवर्ड्सशेजारी मार्चचा एडवर्ड्स उभा करावा. वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार लमेलोला मिळाला. मनगट मोडून जेमतेम ५१ मॅचेस खेळला होता तो. मिळाला याचा आनंदच आहे, त्याचे पास बघताना मन हरखून जायचं. पण पुरस्कार वर्षाचा असतो, आणि मुलाची वाढ जूनपासून मेपर्यंतच्या हिशेबात बसत नाही.

आखडलेले हंगाम त्याआधीही झाले होते, मालक आणि खेळाडू यांच्या भांडणातून. १९९८-९९ मध्ये ५० च मॅचेस झाल्या. त्या हंगामात जर्मनीहून डॅलसला आलेला डर्क नोवित्स्की सव्वाआठ गुणांवर अडकला आणि सगळं सोडून घरी परत जावं असं त्याला वाटू लागलं होतं. दुसऱ्या वर्षी त्याच मुलाने सतराच्या वर सरासरी नेली. २०११-१२ मध्ये ६६ मॅचेस, सुरुवात थेट नाताळच्या दिवशी. शिबिरं उरकायची म्हणून उरकलेली. जेरेमी लिनला गोल्डन स्टेटने शिबिराच्या पहिल्याच दिवशी काढलं, ह्यूस्टनने नाताळच्या आदल्या दिवशी. त्या दोन्ही ठिकाणी त्याला नीट बघायला कोणाला वेळच नव्हता. न्यूयॉर्कने घेतला तोही बदली म्हणून. खालच्या लीगमध्ये धाडला, परत आणला. मग ४ फेब्रुवारीला, पॉइंट गार्ड दुखापतींनी बेजार असताना, त्याला आत सोडलं आणि त्याने न्यू जर्सीविरुद्ध २५ गुण केले. तिथून संघ सलग सात मॅचेस जिंकला; त्यात लेकर्सविरुद्ध त्याचे ३८. एकाच हंगामात, दोन महिन्यांच्या आत, त्याच मुलाबद्दल "याला ठेवण्यात अर्थ नाही" आणि "याच्यासारखा कोणी नाही" अशी दोन्ही मतं झाली. दोन्ही थोडक्या पुराव्यावर झालेली. त्याच वर्षीचा जिमी बटलर तर शिकागोच्या बेंचवर बसून होता, मॅचमागे नऊ मिनिटांहूनही कमी खेळत होता, अडीच गुणांच्या आसपास. त्याच्याबद्दल कोणी काही बोललंच नाही. एका अर्थी तो सुटला. त्याला वाढायला शांतता मिळाली.

या सगळ्याचा आमच्या मैदानांशी संबंध आहे, आणि तो मी जोडलेला नाही. ४ ऑक्टोबर २०१९ ला मुंबईत वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो आणि इंडियाना यांची मॅच झाली, एनबीएच्या संघांची भारतातली पहिलीच. सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे मुंबईतच लहानाचे मोठे झालेले. पहिल्या मॅचला मुंबईतल्या सत्तरएक शाळांची सुमारे तीन हजार मुलंमुली बसली होती. मॅच जादा वेळात गेली आणि इंडियानाने १३२-१३१ अशी जिंकली. बारा-तेरा वर्षांच्या पोरांनी हे डोळ्यांसमोर बघितलं. घरी जाऊन बेडवर झोपल्या झोपल्या छताकडे चेंडू उडवत बसली असतील. पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या शाळांना कुलपं लागली.

त्यांना वेध लावणाऱ्या त्या दोन संघांची पुढची गोष्टही याच विषयाची आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सॅक्रामेंटोने बाराव्या क्रमांकावर टायरीस हॅलिबर्टनला घेतलं. त्याच्याआधी अकरा संघांनी त्याला सोडलं होतं. कॉलेजातल्या शेवटच्या वर्षी, फेब्रुवारीतच, मनगट मोडल्यामुळे त्याचा हंगाम अर्धवट राहिला होता. शिवाय त्याचा शॉट विचित्र. चेंडू छातीसमोरून ढकलल्यासारखा सुटतो. शिकवणाऱ्या कोणालाही तो बघून हात शिवशिवतील. पण चेंडू आत जात होता, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पास केव्हा सोडायचा हे त्याला पहिल्या दिवसापासून कळत होतं. दीड वर्षात सॅक्रामेंटोने त्याला इंडियानाला देऊन टाकलं, आणि २०२५ मध्ये त्याने इंडियानाला अंतिम फेरीत सातव्या मॅचपर्यंत नेलं. शॉट आजही तसाच आहे.

आणि आपला प्रिन्सपाल सिंग. पंजाबातल्या गुरदासपूरचा, पावणेसात फुटांच्याही वर उंच, दिल्लीजवळच्या एनबीए अकादमीत घडलेला. २०२० मध्ये त्याला जी लीगच्या इग्नाइट संघाने घेतलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! त्याच्या वाट्याला नेमकी डिस्नेच्या आवारातली ती पंधरा मॅचेसची जी लीग आली. तिथे त्याला मोजकीच मिनिटं मिळाली. त्याच संघातल्या जेलन ग्रीन आणि जोनाथन कुमिंगाला घडवायचं आणि विकायचं म्हणून संघ बांधलेला. गुरदासपूरच्या मुलाला चुका करायला जागा कुठून असणार? २०२१ मध्ये समर लीग जिंकलेल्या सॅक्रामेंटो संघात तो होता, हेही लक्षात ठेवावं. पण "भारतातून कोणी होत नाही" असं म्हणणाऱ्यांच्या तोंडी त्याची ती मोजकी मिनिटं आजही असतात. मला हे सहन होत नाही.

कोर्टं उघडल्यावर आमच्याकडे मुलं परत आली ती ओळखू येईनात. मिशा फुटलेल्या, आवाज फुटलेले, हात गुडघ्यापर्यंत आल्यासारखे लांब. त्यात एक मुलगी होती, नाव सांगत नाही. बंद व्हायच्या आधी ती आमच्या चौदा वर्षांखालच्या संघातली सगळ्यात भरवशाची फ्री थ्रो मारणारी. परत आली ती वीतभर वाढून. ओळीवर उभी राहिली, तेच तीन टप्पे टाकले, तोच श्वास घेतला, आणि चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आपटून उडाला. पुढचाही तसाच. तिने माझ्याकडे बघितलं, त्या नजरेत भीती होती. मी जवळ जाऊन बघितलं तर तिचं कोपर आधीच्या जागेवरच, म्हणजे बरगडीला चिकटलेलं. पण हात आता लांब झाला होता, त्यामुळे चेंडू डोक्याच्या वरून सुटायच्या ऐवजी पुढून सुटत होता. गुडघे आधीइतकेच वाकत होते, आणि आता तेवढ्याची गरज नव्हती. लहान शरीराला शिकवलेला हिशेब मोठं शरीर प्रामाणिकपणे पाळत होतं. त्या वयात आधी हाडं लांब होतात, स्नायूंची ताकद आणि अंगाचा अंदाज मागून येतो. रोजचा सराव चालू असेल तर हा फरक बोटाबोटाने येतो आणि मूल आपोआप जुळवून घेतं. इथे सगळा फरक एकदम समोर येऊन उभा राहिला होता.

निवड चाचणी लगेचच होती. निवडणाऱ्यांपैकी एका ज्येष्ठ सरांनी तिचे फ्री थ्रो बघून कागदावर काट मारली. "हात गेला तिचा," ते म्हणाले. सर वाईट नाहीत, चाळीस वर्षं कोर्टवर घालवलेला माणूस. मी म्हटलं, "सर, तीन आठवड्यांनी परत बघू या." ते म्हणाले, "ताई, यादी उद्या द्यायची आहे." यादी खरंच दुसऱ्या दिवशी द्यायची होती. तिचं नाव त्यात गेलं नाही. आणि चौदा वर्षांखालच्या गटात तिला पुन्हा उभं राहता येणार नव्हतं, कारण ते वयच बंद कोर्टांच्या काळात उलटून गेलं होतं. आता थेट सतरा वर्षांखालच्या मुलींशी गाठ होती. अशी मुलं महाराष्ट्रभर होती. कबड्डीत होती, खो-खोत होती, पोहण्यात होती. त्यांची वाढ थांबली नव्हती, ती फक्त कोणाला दिसेल अशा ठिकाणी झाली नाही. वयोगटाला एक वर्ष वाढवून द्या, असं तेव्हा आम्ही काही जण म्हणत होतो. मी ते आजही म्हणते, कारण कोर्टं बंद पडायला साथच यावी लागते असं नाही. रस्त्याच्या कामाला कोर्ट जातं, परीक्षेची केंद्रं पडतात, शाळेचा खेळाचा तास गणिताला जातो.

मॅचेसच्या आकड्यांत काय बघावं असं मला नवे शिक्षक विचारतात तेव्हा मी सांगते की थोड्या मॅचेस असतील तर तीन गुणांच्या शॉटचं प्रमाण बघूच नका, ते स्थिर व्हायला शेकडो शॉट लागतात. फ्री थ्रो बघा. तिथे समोर कोणी नसतं, म्हणून हाताबद्दल तो सगळ्यात खरं बोलतो. पण वाढत्या वयात तोही बघताना आधी मुलाची उंची विचारा. आणि जमलं तर आकडे बाजूला ठेवून मुलाला एक गोष्ट सांगा, एकच, उदाहरणार्थ "कोपर दोन बोटं बाहेर काढ". मग त्याला घरी जाऊ द्या. आठवड्याने बोलवा आणि काही न सांगता बघा. त्या मुलीला मी तेवढंच सांगितलं होतं. यादी गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती ओळीवर उभी राहिली तेव्हा कोपर बाहेर होतं, आणि गुडघे कमी वाकवायचे हे तिने माझ्या सांगण्याआधीच स्वतः शोधून काढलं होतं. चेंडू अजून सगळे आत जात नव्हते. मी सरांना फोन करून या म्हटलं. ते आले, अर्धा तास उभे राहून बघत राहिले, आणि मग तिला स्वतःच म्हणाले, "बोटं जरा उशिरा सोड गं. हां, पुन्हा."